ही रेकॉर्ड कुणाला माहीत का नाही? कॅनडाच्या गॅरेज रॉकबद्दल एका प्रश्नाचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही मिरजेहून शिकायला कॅनडातल्या हॅमिल्टनला आलात, इथे टर्नटेबल घेतलंत, आणि गेल्या महिन्यात एका यार्ड सेलमध्ये ४५ आरपीएमच्या सिंगल्सचं, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्डचं, एक खोकं २० डॉलरला उचललंत. आत चाळीसेक रेकॉर्ड निघाल्या, बहुतेक नावं कधी न ऐकलेली. त्यांतल्या तीन रेकॉर्डबद्दल तुम्ही लिहिलंय. मित्राने सांगितलं की साठच्या दशकातल्या कॅनेडियन गॅरेज बँडच्या, म्हणजे घरच्या गॅरेजात जमून वाजवणाऱ्या हौशी पोरांच्या, सिंगल्सना शेकड्यांनी डॉलर मिळतात. तेव्हा कोणत्या दहा शोधायच्या, खरी प्रत कशी ओळखायची, आणि आजच्या बँडच्या रेकॉर्ड घेण्यात काही अर्थ आहे की जुनं तेच सोनं, असं तुम्ही विचारलंय.

मी हॅमिल्टनमध्येच जुन्या रेकॉर्डच्या दुकानात २२ वर्षं काम केलं. लोकांनी आणून टाकलेली खोकी उघडायची, रेकॉर्ड धुवायच्या, वाजवून दर्जा ठरवायचा आणि किंमत लिहायची, हे माझं रोजचं काम. दहा नावं मी आत्ता देऊ शकते. पण ती यादी घेऊन तुम्ही फिराल तर दहातली एकही हाती लागणार नाही, आणि यादीत नसलेल्या चांगल्या रेकॉर्ड तुमच्या बोटांखालून निघून जातील. मला वाटतं, तुमची खरी अडचण वेगळी आहे. अनोळखी नावांच्या चाळीस रेकॉर्ड समोर असताना यातली ऐकण्यासारखी कोणती, जपण्यासारखी कोणती आणि परत देण्यासारखी कोणती, हे कशावरून ठरवायचं?

माझा एकच प्रश्न असतो, आणि तो मी प्रत्येक रेकॉर्डला विचारते. ही कुणाला माहीत का नाही? गाणं सुमार होतं म्हणून, की गाणं चांगलं असूनही ते गावाबाहेर पोहोचलंच नाही म्हणून? कारण कळलं की ती कुठे सापडेल, कोणत्या अवस्थेत सापडेल आणि तिचं मोल काय, हे सगळं आपोआप सुटत जातं. दुर्मीळ असणं आणि चांगलं असणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. शाळेच्या वाद्यवृंदाने शंभर प्रती काढलेली रेकॉर्डसुद्धा दुर्मीळच असते.

सुरुवात साठच्या दशकापासून करू. १९६६ च्या जनगणनेत कॅनडाची लोकसंख्या जेमतेम २ कोटी होती, आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत विखुरलेली. टोरांटोहून विनिपेग रस्त्याने २,२०० किलोमीटरच्या आसपास, आणि व्हँकुव्हर त्याच्या साधारण दुप्पट. पॉप संगीत ऐकवायची ती त्या त्या शहराची एएम रेडिओ केंद्रं. टोरांटोत सीएचयूएम, विनिपेगमध्ये सीकेवाय आणि सीकेआरसी, व्हँकुव्हरमध्ये सीफन आणि सीकेएलजी. प्रत्येकाचा गाजणाऱ्या गाण्यांचा आपला साप्ताहिक तक्ता. विनिपेगमध्ये महिनाभर गाजलेलं गाणं टोरांटोच्या पोराला ठाऊकही नसायचं. शिवाय देशी गाणी वाजवायची सक्ती तेव्हा नव्हती. केंद्रांचा कल साहजिकच अमेरिकन आणि इंग्लिश रेकॉर्डकडे असायचा.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण तुमच्याच खोक्यात आहे. क्वालिटी या रेकॉर्ड कंपनीची 'शेकिन ऑल ओव्हर' ही १९६५ ची सिंगल. बँड विनिपेगचा, चॅड ॲलन अँड द एक्स्प्रेशन्स. पण कंपनीने लेबलवर नाव छापलं 'गेस हू?', म्हणजे 'ओळखा पाहू कोण?'. रेडिओवाल्यांना हा एखादा इंग्लिश बँड असावा असं वाटावं म्हणून केलेली ही युक्ती. ती इतकी चालली की गाणं कॅनडात पहिल्या क्रमांकावर गेलं आणि बँडला तेच नाव कायमचं चिकटलं. आपल्याच देशात ऐकलं जावं म्हणून बँडला आपलं नाव झाकावं लागत होतं. ही रेकॉर्ड तुम्ही विकायला काढलीत तर फार पैसे मिळणार नाहीत, कारण ती भरपूर खपली आणि घरोघर आहे. पण ती ठेवा. या सगळ्या गोष्टीची सुरुवात म्हणून तिच्याइतकी चांगली दुसरी रेकॉर्ड नाही.

आता शहराबाहेर न पोहोचलेल्या रेकॉर्ड. विनिपेगच्या द ज्युरीची 'हू डॅट?' (१९६६), व्हँकुव्हरच्या द पेंटेड शिपची 'फ्रस्ट्रेशन' (१९६७), आणि टोरांटोच्या यॉर्कव्हिल भागात वाढलेल्या द अग्ली डकलिंग्जची 'नथिन' (१९६६). 'नथिन' तुम्ही आजच ऐका. सुरुवातीलाच गिटारचा तो फाटलेला, गुरगुरणारा आवाज येतो, त्याला फझ म्हणतात. गायक सुरात गाण्यापेक्षा हट्टाने बोलतो आहे असं वाटतं. अठरा-वीस वर्षांच्या मुलांनी उपकरणं हाताशी आली तशी वाजवली आणि कुणी सफाईचा हात फिरवला नाही, त्यातून हा आवाज आला. गॅरेज रॉक म्हणतात ते हेच. तुमच्या खोक्यात याच बँडची 'गॅसलाइट' (१९६७) आहे. ती त्यांची जास्त गाजलेली, जास्त गुळगुळीत रेकॉर्ड. दोन्ही लागोपाठ वाजवा. एकाच बँडच्या दोन रेकॉर्डपैकी जिची विक्री कमी झाली तिच्यात जीव जास्त आहे, हे कान लगेच सांगतील. नेहमी असंच होतं असं नाही, पण या बँडच्या बाबतीत तरी माझं मत पक्कं आहे.

या रेकॉर्डची अवस्था हा वेगळा विषय आहे. या घरच्या पार्ट्यांमध्ये वाजलेल्या रेकॉर्ड. स्वस्तातला प्लेयर, जड हाताची सुई, एकावर एक रचून वाजवायची पद्धत. लेबलवर पेनाने मालकिणीचं नाव लिहिलेलं असतं, कारण पार्टीनंतर आपली रेकॉर्ड आपल्याकडे परत यायला हवी. त्यामुळे कोरी करकरीत प्रत मिळण्याची आशा धरू नका. मी पाहते ते असं. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरायची. वरवरचे केसासारखे ओरखडे चालतात, ते सहसा ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा ओरखडा टक् टक् वाजतो. पण खरी झीज दिसते ती खाचेच्या रंगावर. खाच काळी चमकदार न राहता राखाडी झाली असेल तर तिथला आवाज गेला, खाच कितीही धुतली तरी तो परत येत नाही. सिंगलमध्ये ही राखाडी झीज बहुधा शेवटच्या अर्ध्या मिनिटात, म्हणजे मधल्या लेबलजवळ आधी दिसते. ऐकून घ्यायची सोय असेल तर गाण्याचा शेवट ऐका, सुरुवात नको.

माँट्रियलची गोष्ट अजून निराळी. तिथल्या द हाँटेडची 'वन-टू-फाइव्ह' (१९६६) आज जगभरातले गॅरेजवेडे ओळखतात. २००१ मध्ये निघालेल्या 'नगेट्स २' या मोठ्या संचात ती आली आणि दूरदूर पोहोचली. पण मूळ सिंगलच्या पहिल्या छपाईत कंपनीने बँडचं नावच चुकवलं. 'हाँटेड'च्या जागी 'हंटेड' छापलं गेलं. एक अक्षर गळलेलं ते लेबल मी एकदाच हातात धरलंय. त्या पोरांच्या आयुष्यातली पहिली रेकॉर्ड, आणि तिच्यावर त्यांचं नाव धड नाही. तेव्हा त्यांना काय वाटलं असेल याचा विचार मी त्या दिवशी बराच वेळ करत होते. याच बँडने पुढे जिमी हेंड्रिक्सच्या 'पर्पल हेझ'चं फ्रेंच रूप केलं, 'व्हापर मोव्ह'. इंग्रजी बोलणाऱ्या बँडला फ्रेंच गावंसं वाटलं, कारण माँट्रियल ज्या फ्रेंच भाषक क्वेबेक प्रांतात आहे, तिथे फ्रेंच गाण्यांची स्वतंत्र बाजारपेठ होती. वेगळे तक्ते, वेगळ्या कंपन्या, टीव्हीवर वेगळे कार्यक्रम.

म्हणून क्वेबेकचे ले ल्यूतँ किंवा ले सिनर्स यांच्या रेकॉर्डना मी अप्रसिद्ध म्हणायला कचरते. आपल्या माणसांत त्या चांगल्या माहीत होत्या. भाषेच्या कुंपणापलीकडे त्या गेल्या नाहीत, एवढंच. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. ले ल्यूतँचं 'ज शेर्श' ऐका, फ्रेंच येत नसेल तरी चालेल. आणि एक व्यवहाराची गोष्ट. ओंटारियोतल्या, म्हणजे आपल्या प्रांतातल्या, दुकानांत फ्रेंच सिंगल्स बऱ्याचदा एका कोपऱ्यातल्या पेटीत, एक-दोन डॉलरला, न पाहता टाकलेल्या असतात. मी माझ्या आवडीच्या कितीतरी रेकॉर्ड त्या पेटीतून काढल्या आहेत.

आता आपल्या गावाकडे येते, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. तुम्ही हॅमिल्टनमध्ये राहता आणि सिम्पली सॉसर ऐकलं नाही, असं होऊ नये.

हा बँड इथे १९७३ च्या सुमारास जमला. नाव घेतलं पिंक फ्लॉइडच्या एका जुन्या रेकॉर्डवरून. गिटार आणि गाणं एडगर ब्रो यांचं, आणि जोडीला इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारा एक वादक, जो गिटारच्या अंगावर शिट्ट्या आणि घरघर सोडत राहतो. पोलादाच्या कारखान्यांचं गाव, बार भरायचे ते ओळखीची गाणी ऐकायला. अशा ठिकाणी हे वाजवणार कोण आणि ऐकणार कोण? १९७४ मध्ये त्यांनी शेजारच्या अँकेस्टरला एका घराच्या तळघरात सहा गाणी ध्वनिमुद्रित केली. ते तळघर बॉब आणि डॅनियल लानवा या भावांच्या आईच्या घराचं, तिथेच त्यांचा स्टुडिओ होता. टेप कंपन्यांना दाखवून झाली, कुणी घेतली नाही. पुढच्या वर्षी २८ जून १९७५ ला बँड गावातल्या जॅक्सन स्क्वेअर या मॉलच्या गच्चीवर वाजला, त्याचंही ध्वनिमुद्रण झालं. १९७८ मध्ये एकच सिंगल निघाली, 'शीज अ डॉग', आणि १९७९ मध्ये बँड संपला.

तळघरातली टेप आणि गच्चीवरचं ध्वनिमुद्रण एकत्र करून 'सायबॉर्ग्ज रिव्हिजिटेड' या नावाची एलपी, म्हणजे बऱ्याच गाण्यांची मोठी रेकॉर्ड, निघाली ती १९८९ मध्ये. म्हणजे गाणी वाजवल्यानंतर १५ वर्षांनी आणि बँड मोडल्यावर १० वर्षांनी. त्याच १९८९ मध्ये डॅनियल लानवा यांनी निर्मिती केलेली बॉब डिलनची 'ओ मर्सी' निघाली. यू२ ची 'द जोशुआ ट्री' त्याआधी दोन वर्षं जगभर पोहोचली होती, तिच्या निर्मात्यांतही ते होते. एका तळघरातून निघालेल्या दोन वाटा आहेत या.

ही रेकॉर्ड मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा दुकानात नवीन होते. संध्याकाळी दुकान बंद करताना मालकांनी दुसरी बाजू लावली. 'इलीगल बॉडीज' सुरू झालं. गच्चीवरचं ध्वनिमुद्रण, दहा मिनिटांच्या वर चालणारं, आवाज उघड्यावर पसरलेला. मी काचेतून बाहेर पाहिलं तर जॅक्सन स्क्वेअरची भिंत समोर होती. जिथे मी रोज बसची वाट पाहायचे, त्याच्या वर हे वाजलं होतं. या देशात येऊन मला तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि हे गाव आपलंही आहे असं त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं. तुम्ही नवीन आलेले आहात, म्हणून हे लिहिते आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा की या रेकॉर्डची 'साठ-सत्तरच्या दशकातली मूळ प्रत' अशी वस्तूच नाही. पहिली छपाईच १९८९ ची. पुढे हॅमिल्टनच्याच सॉनिक युनियन या कंपनीने ती पुन्हा काढली. ऐकायला नवी आवृत्ती उत्तम आहे, तिच्यात जास्तीची गाणीही आहेत. मूळ छपाईसाठी जादा पैसे द्यायची गरज मला तरी दिसत नाही.

काही रेकॉर्ड तर विकण्यासाठी काढलेल्याच नव्हत्या. सीबीसी या सरकारी प्रसारण संस्थेची नॉर्दर्न सर्व्हिस उत्तरेकडच्या वस्त्यांतल्या कलाकारांच्या सिंगल्स काढायची, त्या रेडिओवर वाजवण्यापुरत्या. क्वेबेकच्या अगदी उत्तरेला सालुइट नावाची इन्युइट या मूळ रहिवाशांची वस्ती आहे. तिथला सग्लुक हा बँड. १९७५ च्या सुमाराची त्यांची 'फॉल अवे' ऐका. वाद्यं मोजकी, आवाज उघडा, आणि इतका सरळ की काही वेळ बोलवत नाही. दुकानात गेलीच नाही ती रेकॉर्ड लोकांच्या माळ्यावर तरी कशी सापडणार? अशा कितीतरी गाण्यांचा शोध घेऊन केव्हिन हाउज यांनी 'नेटिव्ह नॉर्थ अमेरिका' हा संच तयार केला, तो सिॲटलच्या लाइट इन द ॲटिक कंपनीने २०१४ मध्ये काढला. सोबतच्या पुस्तिकेत कलाकारांची माहिती आहे आणि संचाला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं होतं. मूळ सिंगलच्या मागे लागू नका, हा संच घ्या. हयात कलाकारांशी बोलून, त्यांच्या संमतीने केलेलं पुनर्मुद्रण आणि कुणीतरी गुपचूप छापलेली नक्कल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नकलेवरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. एकदा मीच फसले आहे. एका रेकॉर्ड मेळ्यात एका विक्रेत्याकडून १९६८ ची म्हणून एक सायकेडेलिक, म्हणजे गुंगवणाऱ्या, स्वप्नवत आवाजाची एलपी चांगली रक्कम मोजून घेतली. घरी येऊन पाहिलं तर कव्हरवरचा फोटो भिंगाखाली धूसर ठिपक्यांचा होता, म्हणजे छापील कव्हरचाच फोटो काढून पुन्हा छापलेला. लेबलजवळच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक लेबलवरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. मी घाईत ती पट्टी पाहिलीच नव्हती. तेव्हापासून रेकॉर्ड हातात आली की आधी ती पट्टी पाहते, नाव नंतर.

तारीख ठरवायला कॅनडात दोन खुणा फार उपयोगी पडतात. पहिली, चार भागांचं ते गोल चिन्ह, ज्यात एम, ए, पी, एल अशी अक्षरं असतात. १९७१ च्या जानेवारीपासून एएम केंद्रांना ३० टक्के कॅनेडियन संगीत वाजवणं सक्तीचं झालं. गाणं कॅनेडियन ठरतं की नाही हे रेडिओवाल्याला एका नजरेत कळावं म्हणून हे चिन्ह आलं. संगीत, कलाकार, ध्वनिमुद्रण आणि शब्द या चारांपैकी सर्वसाधारणपणे दोन बाबी कॅनेडियन हव्यात, आणि ज्या असतील तो भाग काळा. तेव्हा १९६७ ची म्हणून दाखवलेल्या सिंगलवर हे चिन्ह असेल तर ती नंतरची छपाई. दुसरी खूण पत्त्याची. अक्षरं आणि आकडे मिळून सहा खुणांचा पोस्टल कोड १९७१ मध्ये सुरू झाला आणि १९७४ पर्यंत देशभर लागू झाला. त्याआधी पत्ता 'टोरांटो ५' असा असायचा. कव्हरवर असा कोड दिसला की ते कव्हर सत्तरच्या दशकातलं किंवा त्यानंतरचं. या दोन खुणांनी सगळं सिद्ध होत नाही, पण अर्ध्या थापा इथेच गळतात.

इथवरचं एका दमात सांगायचं तर : गावाबाहेर न गेलेली रेकॉर्ड त्या गावाच्या आसपास शोधा आणि झिजलेली मिळेल हे धरून चला. भाषेमुळे अडलेली स्वस्तात मिळते. उशिरा निघालेली किंवा विक्रीला न आलेली असेल तर चांगलं पुनर्मुद्रण घ्या. आणि कारण काहीच सापडत नसेल तर गाणं ऐका. बहुधा कारण तिथेच असतं.

नव्या रेकॉर्डना अर्थ आहे का? आहे, आणि माझ्या मते तुमच्यासारख्याने पैसे तिथेच जास्त घालावेत. मधला दुवा आधी सांगते. ऐंशीच्या दशकात माँट्रियलमध्ये देजा व्हूडू नावाचा दोघांचाच बँड होता. बास गिटार नाही, ड्रमला झांजा नाहीत. त्यांनी ऑग म्युझिक ही कंपनी चालवली आणि 'इट केम फ्रॉम कॅनडा' नावाचे पाच संकलित भाग काढले, १९८५ पासून पुढे. देशभरच्या बँडना एका रेकॉर्डवर बसवण्याचं जे काम साठच्या दशकात कुणी केलं नव्हतं, ते या दोघांनी केलं. त्यांच्याच कंपनीने माँट्रियलच्या द ग्रूसम्सची 'टायरंट्स ऑफ टीन ट्रॅश' (१९८६) काढली. वीस वर्षांपूर्वीच्या त्या गॅरेज आवाजावर जीव टाकणाऱ्या मुलांचा बँड. ऑगचे संकलित भाग कुठेही दिसले तर घ्या. एका भागातून तुम्हाला आठ-दहा बँडांचे धागे मिळतात.

नव्वदच्या दशकात माँट्रियलमध्येच द स्पेसशिट्स आले. त्यातला एक जण अरीश खान, म्हणजे पुढचा किंग खान, भारतीय वंशाच्या घरातला, जन्म माँट्रियलचा. त्याच बँडमधल्या मार्क सुलतानसोबत त्याने नंतर 'द किंग खान अँड बीबीक्यू शो' केला. दोनच माणसं, त्यांतला एक गिटार आणि ड्रम एकाच वेळी वाजवणारा. हे संगीत आपल्या लोकांचं नाही असं तुम्ही प्रश्नात म्हणालात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांतले काही सांगते. ओटावाचे द व्हाइट वायर्स आणि स्टीव्ह ॲडमिक बँड, हॅलिफॅक्सचे बूजी बॉइज, माँट्रियलच्या पेल लिप्स, टोरांटोचे टीनएंजर. यांच्या रेकॉर्ड अप्रसिद्ध राहण्याचं कारण अगदी वेगळं आहे. त्या मुळातच काही शे प्रती काढल्या जातात, कधी नुसत्या कॅसेटवर. गाणं इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतं, पण वस्तू त्या रात्री त्या टेबलावर असेल तेवढीच. म्हणून कार्यक्रमाला जा आणि टेबलावरून बँडच्या हातून घ्या. दहा-वीस डॉलरमधून त्यांच्या परतीच्या पेट्रोलचा खर्च निघतो. पुढे किंमत वाढेल का? ते सांगता येत नाही, आणि त्यासाठी घेऊ नका. पण १९६६ मध्ये 'नथिन' विकत घेणाऱ्या मुलीने हेच केलं होतं. आपल्या गावातला बँड, आपल्या खिशातले पैसे.

टपालाने मागवत असाल तर एक गोष्ट. जानेवारीत उणे वीस तापमानात दारात पडलेलं पार्सल लगेच फोडू नका. थंडीने कडक झालेली रेकॉर्ड वाकवली तर तडकते, आणि गरम खोलीत तिच्यावर दव धरतं. बंद पार्सल चार-सहा तास खोलीत ठेवा. आणि पुढेमागे या मिरजेला नेणार असाल तर धोका उलटा. तिथे पावसाळ्यात बुरशी आधी कागदी पाकिटाला धरते आणि तिथून खाचेत उतरते. जुनी कागदी पाकिटं वेगळी जपा, रेकॉर्ड साध्या पॉलिथिनच्या पाकिटात ठेवा, उभ्या ठेवा, आणि बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको. मऊ, जाड पीव्हीसीची पाकिटं टाळा. ती रेकॉर्डवर धुरकट डाग सोडतात आणि तो जात नाही.

राहिली तुमच्या खोक्यातली ती तिसरी, कोऱ्या पांढऱ्या लेबलची. त्यावर फक्त गाण्याचं नाव आणि 'हॅमिल्टन' एवढंच छापलंय आणि बँडचं नाव पेनाने खोडलेलं आहे असं तुम्ही लिहिलंय. तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती धुवा. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड खाचेच्या दिशेने, लेबलला पाणी लागू न देता. वाळली की दोन्ही बाजू फोनवर नव्हे, नीट ध्वनिमुद्रित करून ठेवा. मग म्युझियम ऑफ कॅनेडियन म्युझिकच्या ऑनलाइन संग्रहात गाण्याच्या नावाने शोधा. तिथे नसेल तर जॅक्सन स्क्वेअरला लागूनच असलेल्या मध्यवर्ती लायब्ररीत जा. तिथे गावाच्या इतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे, त्या काळची वर्तमानपत्रं आहेत, आणि शाळा-चर्चमधल्या डान्सच्या जाहिरातींत बँडांची नावं असतात. लेबलजवळच्या पट्टीवर काय कोरलंय तेही दिवा तिरका धरून वाचा. आकडे, अक्षरं, एखादी सही, जे दिसेल ते जसंच्या तसं उतरवून मला कळवा. मी माझ्या जुन्या वह्या काढून ठेवते.